नाल्याच्या वाटेची नावं

हिवरदरी, ता. महागाव
४ डिसेंबर २०२४

दादा,

जय भीम. घ्यायचा असेल तं घे, नाही तं तुझ्या सुनेच्या हाती दे, उर्वशी तरी घेईल.

तू माझा फोन उचलत नाही हे आता साऱ्या भीमनगरले माहीत झालं. काल रिंगही नाही गेली, म्हणजे मले ब्लॉक केलं. बरं झालं. पोस्टमन कोणाले ब्लॉक करत नाही, म्हणून पत्र लिहून राह्यली. जलमभर शाळेत पोरांना 'मला-तुला' शिकवलं, पण तुले लिहायले बसलं की पेन अडते. घरच्या बोलीतच लिहिते. चुका काढू नको.

तो व्हिडिओ तू पाहिला अन् तुझं डोकं फिरलं. पण आधीचं-नंतरचं काही न पाहता फिरलं, म्हणून सांगते. सरपंच सदाशिवराव, आपल्या त्या मोठ्या पाटलांचा नातू, यानं ग्रामसभेत एक गोष्ट काढली. गावातली पोट्टी आता वावराले गट नंबरानं ओळखतात. जुनी नावं दहा जणांच्या तोंडात उरली, ते गेले की नावं गेली. म्हणून सगळी नावं गोळा करायची, त्यांच्या गोष्टी, गाणी फोनमध्ये भरून ठेवायची, अन् प्रत्येक वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, नावाची पाटी लावायची. काम कोणाले द्यायचं? रिटायर मास्तरीण रिकामी आहे, तिले द्या. मले आवडलं, खोटं कायले बोलू.

मग त्यानं सभेतच माइक माझ्या तोंडापुढं धरला. म्हणे, सुरुवात तुमच्याच वावरापासून करू, साधनाबाई, नाव सांगा. मी म्हटलं, 'म्हारकी.' तेवढाच तुकडा तुझ्या मोबाईलवर आला.

आता सांग, दुसरं काय सांगायचं होतं मी? सारं गाव त्याले तेच म्हणते. बाबाही तेच म्हणायचे, फक्त हळू आवाजात. तुझ्या पोरानं निरोप दिला की, 'बाबा म्हणतात, तिले दुसरं नाव माहीत नाही का?' नाही माहीत! असेल तं सांग ना. मले सातव्या वर्षी पुसदच्या होस्टेलात टाकलं, वावरात मी दिवाळीच्या सुट्टीत पाहुणी म्हणून जायची. तू होता तिथं. तुझ्याशिवाय हे माहीत असणारी एक आत्या, अन् ती तुझ्याकडं वणीले आहे.

सदाशिवराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत यादी पास करून घेणार आहे. एकदा पास झाली की पाट्या लागल्या. आपल्या वावरावर ते नाव लागावं असं मलेही वाटत नाही, दादा. आत्याले विचार अन् कळव. माझ्यावरचा राग तिथंच ठेव, तो कुठं पळून नाही जात.

साधना

१६ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'आत्याला काही आठवत नाही. तिला त्रास देऊ नये.' वा! मलेच शुद्ध मराठी लिहून राह्यला का? एवढा राग?

तू आत्याले कसं विचारलं ते मले इथं बसून दिसते. तिच्या खाटेजवळ उभा राहिला असशील अन् म्हटलं असशील, आत्या, वावरांची नावं सांग. ती बिचारी तुझ्या तोंडाकडं पाहत राहिली असेल. अरे, मीही हेच केलं पहिल्या आठवड्यात. वही घेऊन घरोघरी गेली. हंसाबाई, आपली शेजारीण, जलमभर मजुरी केली तिनं. तिले म्हटलं, नावं सांग वं. ती म्हणे, 'कायची नावं? वावरं होती, वावरंच हायेत.' माझी वही कोरी.

मग एक दिवस ती कापूस वेचायले निघाली अन् मी तिच्यासोबत चालली. चालता चालता तिचं तोंड सुटलं. नावं तिच्या डोक्यात नव्हतीच, दादा, ती पायात होती. एक वावर संपलं की पुढच्याचं नाव आपोआप यायचं. मधात थांबून मागचं विचारलं की गडबडायची.

तशा गोष्टीही मिळाल्या. डोबरा माहीत आहे ना, मधात खड्डा असलेलं वावर? हंसाबाईसंगं वेचणाऱ्या धनीबाईनं सांगितलं, तिथं नांगरताना एक बैल बसला तो उठलाच नाही. मारलं नाही, ओढलं नाही, त्याच्या भोवतीभोवतीनं नांगरत गेले. बैल सात दिवस बसून राहिला अन् आठव्या दिवशी आपल्या पायानं घरी गेला. खड्डा राहिला. धनीबाई म्हणे, 'बैलाचं कोनी ऐकलं असं ते एकच वावर.' मी हसून हसून दमली.

तं आता असं कर. आत्याजवळ बस. उभा राहू नको, खाली बस. अन् म्हण, आत्या, डोक्यावर भाकरीचं टोपलं घेतलं, घरातून निघाली, आता पहिले काय लागते? ती निघाली की मधात बोलू नको. तिले चालू दे. जिथं थांबेल तिथं थांब, अन् म्हण, 'मग?' एवढंच.

तुले बसायचं नसेल तं उर्वशीले सांग. पण तू बसला तं बरं. तू तिच्यासंगं चालायचा.

साधना

२ जानेवारी २०२५

दादा,

उर्वशीनं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात 'मग?' म्हणणारा आवाज तुझा आहे हे मी ओळखलं. उर्वशीनं नाही सांगितलं, मी ओळखलं. तू आत्यासमोर बसला हे ऐकून मले रडू आलं. तेवढं सांगून पुढचं सांगते, कारण पुढचं वाईट आहे.

आत्याचं डोकं गेलं, दादा. मी तीनदा ऐकलं. एकही नाव जुळत नाही. मी अन् सदाशिवराव आम्ही वेशीतून निघालो, मारोतीपासून एकेक वावर चालत गेलो, लोकांना विचारलं. यादी पक्की आहे: मारोतीचं, मग चिचबन, मग डोबरा, मग खारी, मग टेकाडी, अन् सगळ्यात शेवटी आपलं. आत्या काय सांगून राह्यली? 'नाला उतरली, पदर खोचला, वर चढली. हासरी. मग हाकेचं. मग ओंजळ. मग बैलाचं. मग उन्हाचं.' अन् तिथं थांबली. तू दोनदा 'मग?' म्हटलं, ती म्हणाली, 'मग काय? झालं ना. तिथून पुढं कोन जाते?'

चिचबनाचं नाव नाही अन् वरून 'उन्हाचं' म्हणे! साऱ्या गावाची सावली तिथं आहे, एवढ्या जुन्या चिचा! म्हातारपणात असं होते, माझ्या सासूचंही झालं होतं. शेवटी शेवटी ती आपल्याच घराले दवाखाना म्हणायची.

मी आत्याची नावं यादीत नाही टाकली. टाकली तं लोक हसतील तिच्यावर. तिकडं वाहिद पेंटरनं पाट्या रंगवायले घेतल्या. फुलसावंगीचं त्याचं दुकान तुले आठवत असेल, आता बापाचं काम वाहिद पाहते. तो रोज फोन करते, बाई, शेवटची पाटी कोरी ठेवली, नाव द्या. तोही चांगला आहे, ते नाव माझ्यासमोर घेत नाही. म्हणते, 'वो आखरीवाली.'

आत्याले जप. तिले सांगू नको मी असं लिहिलं म्हणून.

साधना

११ जानेवारी २०२५

दादा,

तुझं पत्र. चार पानं! मले वाटलं नव्हतं तुझ्यात एवढे शब्द आहेत. अर्धी पानं शिव्यांची, त्या मी गिळल्या. पण तिसऱ्या पानावर तू जे लिहिलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'तू कोनत्या अंगानं चालली? वेशीतून ना? पाटलाच्या नातवासंगं, मारोतीसमोरून? आत्या जलमात कधी त्या वाटेनं गेली का? डोकं आत्याचं नाही गेलं, तुह्यं गेलं.'

खरं सांगू, वेशीतून चालताना मी खुशीत होती. साडीची निरी नीट केली होती. मारोतीसमोरून, मधातून, सरपंचाच्या बरोबरीनं आपल्या घरची बाई नावं लिहीत चालली, बाबांनी पाहायले पाहिजे होतं, हे माझ्या मनात. अन् तेव्हा एकदाही हे आलं नाही की आपल्या बाया त्या वाटेनं जातच नव्हत्या.

काल मी तुझ्या म्हणण्यासारखी गेली. भीमनगरच्या मागून खाली, नाल्यात उतरून, पलीकडं वर. हंसाबाईले घेतलं संगं. आत्याचं रेकॉर्डिंग कानाले लावलं अन् तिच्या मागं मागं चालली.

दादा, सगळं जुळलं! वावरं तीच, फक्त उलटी आली. आपलं, जे सदाशिवरावच्या यादीत शेवटचं आहे, ते नाल्यावरून चढलं की पहिलं. मग टेकाडी. ते हाकेचं. हंसाबाई म्हणे, तिथं उभं राहून हाक द्यावी लागे, आम्ही येऊन राह्यलो म्हणून, मग वरचे लोक बाजूला होत. मग खारी, ते ओंजळ. खारीतली विहीर मी लहानपणापासून पाहिली, पण तिच्या या अंगाले कधी उभी नाही राहिली. या अंगाले पायऱ्या नाहीत. वरून कोणी पाणी ओतलं तं ओंजळीत घ्यायचं. मग डोबरा, धनीबाईच्या गोष्टीतलं, ते बैलाचं. अन् चिचबन, ते उन्हाचं! चिचा साऱ्या वेशीकडच्या धुऱ्यावर आहेत. नाल्याकडून गेलं तं त्या टोकाले एक झाड नाही. आपल्या बायांना तिकडच्याच टोकाले भाकर खायले बसवायचे. काल जानेवारीत माझा माथा तापला. मे महिन्यात काय होत असेल? मारोतीच्या वावराले आत्याजवळ नावच नाही, कारण तिथवर कोणी गेलंच नाही.

मी धुऱ्यावर बसली अन् माफी मागावी तं कोणाची, हे समजेना. आत्याच्या नावांवर मी काट मारली होती. अन् तिची तं एकही गोष्ट खोटी नव्हती.

आता 'हासरी' राहिलं. तू लिहिलं, 'हासरी काहून ते मी नाही सांगत, तिथं बसणाऱ्या बायांले इचार.' हंसाबाईले विचारलं तं तोंडाले पदर लावून हसायले लागली. म्हणे, 'तिथं परततानी बसत होतो अन् हासत होतो.' मी म्हटलं, कोणाले? 'तुले काय करायचं, माय!' अन् भराभर पुढं निघाली. सत्तरीची बाई, चौथीतल्या पोरीसारखी लाजली.

एवढं मात्र मी ठरवलं. त्या पाटीवर हासरीच लागलं पाहिजे. अन् बाकीच्या पाट्यांवर दोन-दोन नावं. वेशीकडचं एक, नाल्याकडचं एक. कोणाले आवडो न आवडो.

साधना

१९ जानेवारी २०२५

दादा,

सदाशिवरावकडं गेलती. तो वाईट माणूस नाही, हे मी तुझ्या रागाची पर्वा न करता लिहिते. चांगल्या कपात चहा दिला, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, 'साधनाबाई, नाव गावाच्या तोंडात पाहिजे. हासरी हे नाव मी जन्मात ऐकलं नाही. उद्या कोणीही उठून सांगेल आमच्या वावराचं नाव सोनकेळी आहे. मी काय करू?'

मी म्हटलं, तुमच्या तोंडात नसेल, आमच्या आहे.

'मग सभेत येऊन कोणी सांगा. ज्यानं ते नाव वापरलं असं कोणी. फोनमधला आवाज नको, माणूस पाहिजे. लोक मानतील तं मीही मानीन. नाही तं सगळ्या गावाले माहीत असलेलंच नाव लागेल, त्यात अपमान करायचा हेतू नाही.'

'हेतू कोण पाहते, पाटी पाहतील,' मी म्हटलं. आवाज चढला माझा. त्याची बायको आतून पाहून गेली.

हंसाबाईले म्हटलं, चल सभेत, दोन शब्द बोल. तिचा जावई सदाशिवरावच्या वावरात सालभराच्या कामाले, सालदार आहे. ती नाही म्हणाली अन् मी जोर नाही केला. म्हणजे उरली आत्या. अन् आत्याले आणणारा तू.

आता मले तुझं माहीत आहे. तू सांगितलं नाही तरी माहीत आहे. तू गावच्या बसमध्ये चढला की ड्रायव्हर ओरडायचा, 'म्हारकीवाला आला, जागा द्या!' अन् सारी बस हसायची. बारावी पास झाला तरी तेच. वणीच्या खदानीत लागला अन् तिथं तुले पहिल्यांदा लोक 'धर्मपाल ऑपरेटर' म्हणाले. बाबांच्या मातीनंतर तू आईले सांगितलं होतं, त्या वावराचं ते नाव जाईपर्यंत मी गावात पाय नाही ठेवत. आई गेली तेव्हाही तू नाल्याच्या पलीकडं उभा राहिला अन् तिथूनच परतला. मी तुले पाहिलं होतं. कोणाले सांगितलं नाही.

तं दादा, ते नाव आता जाऊ शकते. जलमात पहिल्यांदा जाऊ शकते. अन् नाही गेलं तं रंगवून, खांबावर ठोकून कायमचं बसेल. सव्वीस तारखेले झेंडावंदनानंतर सभा आहे. आत्याची तब्येत पाहून ठरव. नव्वदीच्या बाईले एवढा प्रवास घडवायचा म्हणजे जीव वरखाली होते, मलेही समजते. तिले विचार. तिले नाही जमत म्हणाली तं मी हारली असं समजीन अन् तुले पुन्हा त्रास देणार नाही.

साधना

२७ जानेवारी २०२५

दादा,

गाडीतून आत्या उतरली, उर्वशी उतरली, तुझा पोरगा उतरला. मी चौथं दार उघडून पाहिलं. येडी मी.

ठीक आहे. तू नाही आला, पण पाठवलं. राग नाही. थोडा आहे.

ग्रामपंचायतीच्या अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. आत्याले पहिल्या रांगेत बसवलं. सदाशिवराव अदबीनं म्हणाला, 'इंदूबाई, तुम्ही सांगा, त्या वावराले काय म्हणत होते?' आत्यानं इकडंतिकडं पाहिलं, म्हणाली, 'इथी बसून कसं सांगू? वावरात चाल.' लोक हसले. ती उठायलेच लागली. तुझ्या पोरानं तिले उचललं, गाडीत घातलं, अन् ती म्हणे, 'येशीतून नको. नाल्याकडून.' मग काय, अर्धी सभा चालत, अर्धी मोटारसायकलवर, नाल्यातून वर! वाहिदही आला होता, ब्रश खिशात ठेवून. सदाशिवराव धोतर-कोट घालून नाल्यात उतरला, त्याचे बूट भिजले.

आपल्या धुऱ्यावर आत्याले बसवलं. तिनं हातानं माती चाचपली. चाचपतच राहिली. लोकांत कुजबुज झाली, सदाशिवरावनं घड्याळ पाहिलं. मले वाटलं संपलं सारं. मग मले आठवलं. मी खाली तिच्याजवळ बसली अन् म्हटलं, 'आत्या, उन्हाचं संपलं, बैलाचं, ओंजळ, हाकेचं संपलं. परत निघाली. आता हासरीत आली. मग?'

दादा, आत्यानं पाठ ताठ केली. पदर डोक्यावरून सरळ केला, मान वर नेली, नाकानं एक लांब श्वास ओढला, सूंऽऽ असा, अन् नाकातल्या आवाजात ओरडली, 'कोन हाय गं तिकडं? कोनाच्या वावरात बसल्या?' अन् बोटं अशी हलवली, कमरेचा चाव्यांचा जुडगा वाजवते तशी.

मागून हंसाबाईचा हसण्याचा आवाज आला. लाजली नाही, दडली नाही. मग धनीबाई. मग आपल्या साऱ्या म्हाताऱ्या. मले काहीच समजेना, मी नुसती पाहत होती. अन् तेवढ्यात सदाशिवराव म्हणाला, 'आजी.'

हळूच म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं. तो गर्दीतून पुढं आला. म्हणे, 'ही माझी आजी आहे. अशीच नाक ओढायची. अशाच चाव्या. मी सहा वर्षांचा होतो ती गेली तेव्हा. घरात तिचा हार घातलेला फोटो आहे, आवाज कोणाजवळच नाही.' अन् मग आत्यासमोर खाली बसला, धोतराचं काही न पाहता. 'इंदूबाई, पुन्हा म्हणा.'

आत्यानं पुन्हा म्हटलं. तिनं त्याच्या आजीचं, त्या पाटलीनबाईचं बसणं केलं, छत्री धरणं केलं, कापसाचं गाठोडं पायानं उलटं करून पाहणं केलं. वरून भाकर टाकणंही केलं. हात लांब ठेवून, तोंड फिरवून. ते पाहून सदाशिवराव खाली पाहायले लागला, पण उठला नाही. आत्यानंही हात आखडता नाही घेतला. त्यानं मागितलं होतं, तिनं पूर्ण दिलं.

म्हणजे दिवसभर वेचणी करून बाया परतायच्या अन् आपल्या धुऱ्यावर बसून हे करायच्या. दुसरीकडं कुठं करणार? ते एकच वावर आपलं होतं. हासरी.

सदाशिवरावनं तिथंच सभेले विचारलं, हात वर करा. केले लोकांनी. साऱ्यांनी नाही, पण पुरतील तेवढ्यांनी. वाहिदनं कोरी पाटी मोटारसायकलवर आणली होती, तो तिथंच बसून रंगवायले लागला. दोन-दोन नावांचंही मान्य झालं. ते नाव गेलं, दादा.

पण एक अडलं. आत्या पाटलीनबाईचं बोलते अन् मग थांबते. समोरच्याकडं पाहते. तिले उत्तर पाहिजे. त्या नकलेत दोघं असायचे म्हणे. मी काहीबाही बोलली, 'आम्ही आहो, बाई,' असं. आत्यानं मान हलवली. 'तुले नाही येत, माय. तू शाळंत होती. धर्माले येते. धर्मा कुठी गेला?' हंसाबाईले विचारलं तं ती म्हणे, उत्तर नेहमी तुझा दादाच द्यायचा, लहान पोट्ट्याच्या तोंडून आलं की बाया हसून लोळायच्या, आम्ही दिलंच नाही कधी, शब्द आता ध्यानात नाहीत.

खरं सांगते, मले तुझा हेवा वाटला. मले गावानं खुर्ची दिली, माइक दिला, अन् आपल्या घरची सगळ्यात चांगली गोष्ट मले कोणी सांगितलीच नाही.

आत्या वणीले परत यायले तयार नाही. उर्वशी अन् पोरगा आज सकाळी निघाले, ती माझ्याकडं राहिली. औषधं लिहून घेतली आहेत, काळजी करू नको. तिनं आज दोनदा वावरात न्या म्हणून हट्ट केला. धुऱ्यावर बसते, नाक ओढते, विचारते, अन् थांबते. मले ते पाहवत नाही. काय उत्तर आहे ते तरी कळव.

साधना

३ फेब्रुवारी २०२५

दादा,

काल तुझा फोन अचानक बंद झाला असं तुले वाटलं असेल. तू पुन्हा लावला तेव्हा रेंज नव्हती. तू रागावून बसला असशील, मी फोन आपटला म्हणून. म्हणून लगेच लिहून राह्यली, इथं काय झालं ते तुले दिसलं नाही.

फोनवर तुझं नाव दिसलं. दुपारची वेळ, आम्ही दोघी हासरीत धुऱ्यावर बसून भाकर खात होतो, पिठलं होतं. वाहिद पाटीचा खांब गाडत होता. सदाशिवराव पाटी सरळ लागली का ते पाहायले आला होता, अन् पाहता पाहता आमच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. तू म्हणाला, 'स्पीकर लाव. आत्याले दे.' मले 'कशी आहेस'ही नाही विचारलं. जाऊ दे.

आत्यानं तुझा आवाज ऐकला अन् हातातली भाकर खाली ठेवली. नाक ओढलं. 'कोन हाय गं तिकडं? कोनाच्या वावरात बसल्या?'

अन् तू वणीहून, त्या बारक्या पोट्ट्याच्या आवाजात, साठी उलटलेला माणूस तू, 'बसलो आमच्याच वावरात! सरका, बाई, सरका! तुमची सावली पडून राह्यली आमच्या भाकरीवर!'

दादा, सदाशिवरावच्या पाठीशी ऊन होतं. त्याची सावली खरंच आमच्या ताटावर पडली होती. त्यानं एकदा खाली पाहिलं अन् तो सरकला. चांगला दोन पावलं बाजूला सरकला, अन् तिथंच उभा राहिला.

आत्यानं हे पाहिलं. अन् ती अशी हसली, अशी हसली की तिले ठसकाच लागला, घास अडकला, डोळे पांढरे झाले. मी फोन फेकून पाण्याले धावली. वाहिदनं तिची पाठ थोपटली. पाणी प्यायली, श्वास आला, अन् पुन्हा हसायले लागली. मीही. आता बरी आहे, घाबरू नको. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या तिनं.

साधना